खुरपं म्हणजे दुसरी सुई

त्या दिवशी सकाळी मी आणि माझ्या बायकोनं चुलीपाशी बसून तिची लघवी उकळली. आम्ही मिळून केलेलं शेवटचं काम ते. वाचणाऱ्याला किळस येईल, पण आमच्या घरात ते रोजचंच होतं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी उकळत्या पाण्यात धरायची. साखर असली की रंग फिरायचा. आधी हिरवा, मग पिवळा, लय झाली की विटेसारखा. त्या दिवशी निळा तो निळाच राहिला.

"बघा," ती म्हणाली, "आज मी तुमच्यापरास धडधाकट हाय."

"व्हय, मग बैल सोडतो आन् तुलाच जुपतो."

"जुपा की. बैलावाणी मुकाट न्हाई चालायची, एवढं ध्यानात ठेवा."

मी रोजच्या मापानं सुई टोचली. तिनं अर्धी भाकरी खाल्ली, पदराला गूळ बांधला आणि खुरपं घेऊन रानात तण काढायला, भांगलणीला गेली.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर मी पलटणीतून सुटून सांगलीकडच्या आमच्या गावी आलो होतो. बायको रहिमतपूरकडची, वीस-एकवीसची. वर्षभरात ती वाळत चालली. सारखं पाणी प्यायची, तरी घसा कोरडा. मोरीत मुंग्यांची रांग लागायची. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखर जिरवणारा रस हिच्या अंगात तयार होत नाही, जन्मभर सुई घ्यावी लागेल. पलटणीच्या दवाखान्यात मी पट्ट्या बांधायचं काम केलं होतं, म्हणून सुई माझ्याकडं आली. औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी गारव्याला ठेवायचो.

आमचं गाव उसाचं. सुगीत ज्याच्या त्याच्या हातात गूळ. मी दारोदार फिरून सांगितलं, "गोड म्हंजे हिला इख हाय. कुणी दिलं तर माझ्याशी गाठ हाय." मला गोडीत बोलायला येत नाही. बायका घाबरल्या आणि त्यांनी ते मनापासून पाळलं.

आमच्यात भांगलण पैऱ्यानं चालते. आज सगळ्याजणी तुमच्या रानात, उद्या आमच्या. एकेकीनं एकेक पात धरायची आणि बांधापर्यंत तण काढत न्यायची. मागं राहिली की बोलणी खायची. माझ्या बायकोचा जीव त्या पातीत अडकलेला असायचा. आजारी म्हणून कुणी कीव केलेली तिला खपत नसे. साखर चढली असली की तिचे पाय मातीत रुतल्यासारखे व्हायचे, निम्म्या पातीतच ती बसायची. साखर ठीक असली की सगळ्यांच्या आधी बांधाला लागायची आणि वरून मागच्यांना म्हणायची, "या सावकाश, रात पडायच्या आत या म्हंजे झालं."

तिसरी तऱ्हा मला उशिरा कळली. सकाळी ती झपाट्यानं काम करायची आणि दुपार कलली की हात कापायचे, अंगाला दरदरून घाम सुटायचा, विचारलं एक तर बोलायची भलतंच. पहिल्यांदा मला वाटलं, रागावलीय.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "साखर फार उतरली होती. कष्ट करताना अंग साखर खातं. खुरपं म्हणजे दुसरी सुई समजा. जड काम असेल त्या दिवशी औषध कमी द्या, खायला जास्त द्या. हात कापायला लागले की लगेच गूळ. आणि निळ्या रंगावर भुलू नका. साखर किती खाली गेली ते नळी सांगत नाही."

तिला मी सगळं सांगितलं. गल्लीला नाही सांगितलं. ज्याला विष म्हणालो त्यालाच आता औषध म्हणायचं, लोक हसतील असं वाटलं. तिलाही चारचौघींत गूळ खायची लाज. बांधाकडं तोंड करून खायची.

त्या दिवशी माझ्या चुलतभावाच्या रानात भुईमुगाची भांगलण होती. एक बाई आली नव्हती, तर हिनं तिचीही पात अंगावर घेतली. पदरातला गूळ दुपारीच संपला. उन्हं कलल्यावर भावजय सगळ्यांना गूळपाणी घेऊन आली. हे मला मागनं भावजयीनंच सांगितलं. माझ्या बायकोनं गुळासाठी हात पुढं केला.

"भावजींची ताकीद हाय बाई. तू नुसतं पाणी पी."

"लबाडी घावली गं हिची," दुसरी म्हणाली.

सगळ्या हसल्या. हीपण हसली, पाणी प्याली आणि परत पातीत बसली. थोड्या वेळानं तण सोडून भुईमूगच उपटायला लागली. बायकांना वाटलं, साखर चढली. भावजयीनं कडुलिंबाचा पाला ठेचला आणि त्याचा कडू रस तिला मायेनं पाजला. बोलावणं आलं, मी धावत पोचलो तेव्हा तिची दातखीळ बसली होती. गालाच्या आत गूळ चोळला, तो तसाच ओघळून बाहेर आला. गाडी जुंपून सांगलीची वाट धरली. नदी दिसायच्या आतच ती गेली. गाडी माघारी फिरवली आणि रात्रीच तिला अग्नी दिला.

लोक म्हणाले, नशीब. मी ते कधी मानलं नाही. दोन पाती ओढायचं बळ तिच्यात होतं, आणि त्या बळानंच तिला आतून रिकामं केलं. औषध कमी करायचं काम माझं होतं. मी निळ्यावर खूश होऊन बसलो. दुसरं लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं तर सांगता आलं नसतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सुतक. कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नसतं. तरी उजाडताच मी भावाच्या अंगणाबाहेर जाऊन उभा राहिलो. भावजय सडा टाकत होती. मला बघून ती खालीच बसली.

"भावजी, माझ्या हातानं झालं का वो?"

"न्हाई. गूळ द्यायचा हुता तिला. डाक्टरनं सांगितल्यालं. म्याच तुमास्नी बोललो न्हाई."

"कवा सांगितल्यालं?"

"गेल्या सुगीत."

ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी तिथनं निघालो आणि तेच सांगायला त्या दिवशी पातीत असलेल्या दुसऱ्या बाईच्या दाराबाहेर जाऊन उभा राहिलो.