सुशीलाच्या गाड्यापाशी

लातूर नवा जिल्हा झाला आणि ह्यांची तिथल्या कचेरीत बदली झाली. आम्ही साताऱ्याकडची माणसं. लेक चार वर्षांची. मराठी मुलखातच जायचंय म्हणून भाषेची काळजी मी केलीच नव्हती. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या अक्का दारातून ओरडल्या, "टँकर यायलंय, बाई!" मला वाटलं, टँकर यायला काही अडचण आहे. मी आतच बसून राहिले आणि आमच्या घागरी त्या दिवशी कोरड्या राहिल्या. 'यायलंय' म्हणजे 'येतोय', हे तेव्हा समजलं.

दुष्काळाचं वर्ष होतं. गल्लीच्या टोकाला जुना आड होता. पाणी लागेल या आशेनं तो खोल करायचं काम चाललेलं, आणि त्यासाठी कठडा पाडून ठेवलेला. तिथून जाताना मी लेकीचा हात इतका घट्ट धरायची की ती कळवळायची.

एका सकाळी टँकर आला. लेकीला पायरीवर बसवलं, "इथनं हलायचं नाही" म्हणून बजावलं आणि रांगेत शिरले. दुसरी घागर भरून वळून पाहिलं, तर पायरी रिकामी.

घागर तिथंच टाकून मी आडाकडे धावले. आत दोन माणसं खणत होती. काठावर ओणवून मी विचारलं, "इकडं एक मुलगी आली का हो?" खालून आवाज आला, "न्हाई बाई, कोण बी न्हाई आलं." तरी मी तळाकडे बघतच राहिले. शेवटी त्यांच्यातला एक चिडून म्हणाला, "सरका मागं, माती ढासळायलीय!"

आडापलीकडे कट्ट्यावर एक म्हातारबाबा बसले होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "पिवळं झबलं व्हतं का? आत्ता येताना बघितलं की. सुशीलाच्या गाड्यापाशी हुबारलंय लेकरू."

मला धीर आला. बाईमाणूस आहे, लेकराला सांभाळेल. बाबांना गाडा कुठं ते विचारावं एवढंही सुचलं नाही. पुढच्या गल्लीत एक बाई धान्य निवडत होती, तिला म्हटलं, "सुशीलाबाई कुठं राहतात?" तिनं मारुतीच्या देवळामागचं घर दाखवलं.

दार एका वयस्कर बाईनं उघडलं. "मीच की सुशीला. काय झालं?"

"माझी मुलगी... तुमच्या गाड्यापाशी होती म्हणाले."

त्या गोंधळल्या. "आमचा गाडा? बैलं इकली बाई औंदा. गाडा कवाच गेला."

म्हणजे म्हाताऱ्यानं भलतंच काही पाहिलं होतं, आणि मी मधला सगळा वेळ भलत्याच दारात घालवला होता. मी उंबऱ्यावर बसले आणि रडायला लागले. त्यांनी मला पाणी दिलं, त्या दिवसांत स्वतःच्या माठातलं, आणि म्हाताऱ्याचे शब्द जसेच्या तसे सांगायला लावले. ऐकता ऐकता त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं माय! ते खायचं सुशीला! मुरमुऱ्याचं! चल ऊठ, जल्दी."

माझं मनगट धरून त्यांनी मला गंजाच्या रस्त्याला नेलं. गंज म्हणजे तिथला धान्याचा बाजार. ट्रक, बैलगाड्या, पोती वाहणारे हमाल, आणि या सगळ्यात माझी चार वर्षांची पोर. तेवढ्या वाटेत मी काय काय नवस बोलले, ते आता आठवत नाही.

कोपऱ्यावर एक हातगाडा होता. त्याच्या सावलीत उलट्या डब्यावर लेक बसलेली, मांडीवर कागद, कागदावर भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे. एका शेळीच्या मागं मागं ती तिथवर आली होती, हे तिनंच नंतर सांगितलं.

गाडेवाले म्हणाले, "कवाचं इचारायलो, कुणाची हाईस? तर नुसतं 'आई पाणी, आई पाणी' म्हणायलीय. ट्रक लई इथं, म्हणून जाऊ दिलं न्हाई."

मी तिला उचललं, ते खाली ठेवताच येईना. लेक मात्र राहिलेले मुरमुरे हवेत म्हणून रडत होती.

माझा श्वास जाग्यावर आल्यावर गाडेवाल्यांना विचारलं, याला सुशीला का म्हणतात. ते निलंग्याकडचे. म्हणाले, "माझी माय कर्नाटकातली, ती सुसला म्हणायची. इथं आल्यावर लोकांनीच सुशीला केलं." म्हाताऱ्या सुशीलाबाई हसल्या. "लगीन होऊन आले तवा मलाबी लई चिडवलंय ह्याच्यावरून."

घरी आले तेव्हा टँकर गेला होता. अक्कांनी माझ्या दोन्ही घागरी भरून दारात ठेवल्या होत्या. संध्याकाळपर्यंत गोष्ट गल्लीभर झाली आणि मला 'सुशीलाबाई' हे नाव पडलं. सगळे हसले. हे मात्र हसले नाहीत. ऐकून घेतलं, लेकीला जवळ ओढलं आणि त्या रात्री जेवले नाहीत.

त्यानंतर कितीतरी दिवस मी प्रत्येक शब्द दोनदा विचारत असे, कळलेलासुद्धा. 'कोरड्यास' म्हटलं की काहीतरी कोरडं असेल असं वाटे. ती निघायची पातळ आमटी. 'माळवं' म्हणजे भाजीपाला. शब्द अर्धवट समजला तर काय होतं, हे मी त्या उंबऱ्यावर बसून भोगलं होतं.

"उद्या टँकर येरवाळी यायचंय," एकदा अक्का म्हणाल्या.

"येरवाळी म्हणजे?"

"लवकर, बाई. लवकर."

"नक्की लवकरच ना?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी त्या हसल्या असत्या. "लवकर," त्या पुन्हा सावकाश म्हणाल्या, "आन लेकरू माझ्यापाशी ठेव."