येळवशीची आंबील

काचेच्या घरात जोंधळा तहानेनं मारायचा आणि त्यासाठी सरकारनं पैसे द्यायचे, हे नागव्वाला कधी पटलं नाही. पण बाहत्तरच्या दुष्काळानंतर सोलापूरच्या एका शेती केंद्राला अनुदान मिळालं, काचघर उभं राहिलं आणि कुंभारीच्या या विधवेला बारमाही काम लागलं. मग पटण्या-न पटण्याचा प्रश्नच मिटला. कुंड्यांना पाणी घालायचं आणि केंद्रातले घोंगडे साहेब सांगतील त्या दिवसापासून ते बंद करायचं. कुठलं वाण तग धरतं, ते साहेब बघायचे.

तेवढ्यात येळवस आली. या अमावास्येला रानात जाऊन पिकावर आंबील शिंपडायची, त्या दिवशी काळ्या आईला उपाशी ठेवायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत. नागव्वाला आता कुठलं रान? तिचं रान म्हणजे ह्याच कुंड्या. साहेब रजेवर होते. आंबिलीची घागर घेऊन ती आत गेली. शिंपडायचीच होती, पण माना टाकलेली रोपं बघून तिला राहवेना. दाराजवळच्या रांगेला तिनं तांब्या तांब्या ओतली. रांग संपली तशी घागरही संपली. वर तिनं कोरडी माती भुरभुरली. म्हणजे बाईला चूक कळत नव्हती असं नाही.

पुढं त्याच रांगेनं माना वर काढल्या आणि साहेब हरखून गेले. पुण्याहून समिती यायची होती. अनुदान चालू ठेवायचं की काचघराला कुलूप लावायचं, ते तीच ठरवणार होती. दाखवायला काहीतरी हवं होतं, ते आयतं सापडलं. नागव्वा मात्र साहेबांची नजर चुकवू लागली. बोलावं तर काम जाणार. तिनं गप्प बसायचं ठरवलं.

समिती यायच्या आदल्या दिवशी तिचा धाकटा भाऊ चनबसप्पा आला. गावात बातमी पोचली होती.

"अक्का, बिनपान्याचं बी निगालंय म्हनं. पैलं आमाला दे की. सगळ्या रानात त्येच टाकतो."

दुसऱ्या दिवशी समिती त्या रांगेपुढं उभी होती. साहेब कौतुकानं पानं उचलून दाखवत होते. नागव्वा पुढं झाली.

"सायेब, ह्या रांगंचं बी कुनाला देऊ नगा. हिला म्या आंबील पाजलीय. येळवशीची."

साहेबांचा चेहरा पार उतरला. ही रांग हिशेबात धरू नका, असं त्यांनीच मग समितीला सांगितलं. उरलेल्या कुंड्यांत बघण्यासारखं फारसं नव्हतं. कळवतो म्हणून मंडळी जीपमध्ये बसली.

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "ती रांग आता ठेवता येणार नाही. तूच उपट."

नागव्वा खाली बसली. रोपं चांगली तरारली होती, मुळं माती सोडेनात. डोळे पुसत तिनं एकेक उपटलं. शेवटची कुंडी रिकामी झाल्यावर तिनं विचारलं, उद्या कामावर येऊ का?

साहेबांनाही ते ठाऊक नव्हतं.