तळघरात रेंज नाही

चूक शंभूची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते कुणीच सांगत नाही, शंभू तर नाहीच नाही.

मार्केट यार्डात हिंमतरावांचा केळीचा गाळा आहे. गाळ्याखाली तळघर आणि तळघरात केळी पिकवायच्या सहा गार खोल्या. कुठल्या खोलीत माल कधी भरला, रंग कुठवर आला, खोली कधी उघडायची, हे सगळं एकोणतीस वर्षं नागोराव बघत आले होते. त्यांच्या वहीऐवजी मोबाइल ॲप हवं असं हिंमतरावांच्या मनानं घेतलं आणि काम शंभूकडे आलं. शंभू रिसोडच्या झेडपी शाळेतला. पुण्यात तीन वर्षं टिकला होता, त्यामुळे स्वतःच्या मते मोठाच इंजिनिअर. त्यानं सगळ्यात झटपट उरकणारा प्रकार निवडला. ब्राउझरमध्ये उघडणारं वेब ॲप, फोनमध्ये काही बसवायला नको, फक्त नेट हवं. वरच्या ऑफिसात वायफायच्या डब्याखाली बसून त्यानं ते चाळीस वेळा तपासलं. तळघराच्या अकरा पायऱ्या मात्र एकदाही उतरला नाही.

खाली रेंज नव्हती.

पहिल्याच दिवशी नागोरावांनी चार नंबरच्या खोलीत उभं राहून ‘पिवळा’ हे बटण दाबलं. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं आणि नोंद हवेत गेली; ॲपवर शंभूनं वहीतून भरलेला आधीचा पोपटीच राहिला. वर येऊन त्यांनी सांगितलं, “मालक, चार नंबर तयार आहे. आजच काढा.”

“ॲपवर पोपटी दिसतंय,” हिंमतराव नजर वर न करता म्हणाले. “तुमच्याच डोळ्यांवर चालवायचं होतं तर हे कशाला करून घेतलं?”

दोन दिवसांनी खोली उघडली तेव्हा तीनशे कॅरेट केळी काळ्या ठिपक्यांनी भरलेली होती. हिंमतरावांनी दोघांना समोर उभं केलं. शंभूला कारण तिथल्या तिथे कळलं होतं. पण हे त्याचं पहिलंच स्वतःचं काम होतं.

“काकांकडून बटण नीट दाबलं गेलं नसेल,” तो म्हणाला. वाक्य छोटं होतं. आवाजही अगदी नम्र.

“नागोराव, बोटांना शाळेत घालायचं राहिलं वाटतं,” हिंमतराव म्हणाले. “हा महिना बघू. नाही जमलं तर गावाकडची हवा चांगली असते म्हणतात.”

गावाकडे हवा सोडून काही उरलं नव्हतं. नागोराव गाळ्याच्या पोटमाळ्यावर राहत. तो नोकरीबरोबर मिळालेला आणि नोकरीबरोबरच जाणारा.

दुसऱ्या दिवशी शंभू पहिल्यांदा तळघरात उतरला. जाड दार मागे बंद झालं आणि त्याच्या फोनवरच्या रेंजच्या दांड्या एकेक करून मिटल्या.

“तुम्ही रिसोडचे म्हणे,” नागोराव म्हणाले. “मी मेहकरचा. म्हणजे आपल्याकडलेच.” मग जरा थांबून, “बटन मी बराबर दाबलं होतं, बाबू.”

“हं,” म्हणून शंभू भिंतीवरचं तापमान वाचू लागला, जणू ते परीक्षेत येणार होतं. “काका, वही तर वर असते. मग खालची नोंद लक्षात कशी ठेवायचात?”

नागोरावांनी बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत निळ्या शाईत खोली, वार आणि रंग. “इथं वही ओली होते. म्हणून खाली हातावर लिहायचं अन् वर गेलं की वहीत उतरवायचं. उतरवल्याबिगर हात धुवायचा नाही.”

शंभू त्या हाताकडे बघतच राहिला. उत्तर समोर होतं. नोंद आधी फोनमध्येच ठेवायची, रेंज मिळाली की वर पाठवायची आणि पोहोचल्याशिवाय पुसायची नाही. म्हणजे ब्राउझर उपयोगाचा नाही, ॲप फोनमध्येच बसवायला हवं. आयफोन एकट्या मालकांकडे, आणि मालक काही तळघरात उतरत नाहीत. तेव्हा सगळ्या फोनांवर चालणारं मिश्र ॲपही नको. हमालांच्या अँड्रॉइडपुरतं केलं की झालं. त्यानं नागोरावांचं पेन मागून घेतलं आणि पुठ्ठ्यावर चौकोन काढत सुटला. शेवटच्या चौकोनाला शाई संपली.

“रिफिल तेवढी आणून द्या, बाबू. निळी. मले रोज लागते.”

“उद्याच आणतो, काका.” पेन त्यानं स्वतःच्याच खिशाला लावलं.

तीन आठवडे नागोरावांनी त्याला हाताला धरून शिकवलं. केळ्याच्या देठाशी हिरवं किती राहिलं की थांबायचं, बोटानं दाबल्यावर कितपत दबायला हवं, सगळं. प्रत्येक रंगाचा फोटो काढताना विजेरी धरून तेच उभे राहिले. वाचता न येणाऱ्यालाही फोटोवर बोट ठेवता यावं, अशी त्यांचीच सूचना.

नवं ॲप तळघरात एकदाही अडलं नाही. हिंमतरावांनी सगळं उलटसुलट करून पाहिलं.

“म्हणजे आता खाली कुणीही गेलं तरी चालेल?”

“हो. कुणीही,” शंभू अभिमानानं म्हणाला. आपण काय बोललो, ते त्याला मागे उभ्या नागोरावांकडे बघून कळलं. अजून वेळ होता. चार नंबरच्या खोलीचं खरं सांगता आलं असतं, हे सगळं कुणाच्या हातावरून उचललं तेही सांगता आलं असतं.

“बॅटरीसुद्धा कमी खातं,” तो म्हणाला.

“ऐकलंत ना, नागोराव? कुणीही. रविवारी पोटमाळा मोकळा करा. शंभूसाहेबांना तिथं राउटर बसवायचाय.”

रविवारी शंभू राउटर घेऊन आला तेव्हा नागोराव पत्र्याची पेटी घेऊन उतरत होते. शर्टाची बाही दुमडलेली होती आणि हात कोपरापर्यंत स्वच्छ धुतलेला.

“मालकाले बटनाचं सांगितलं का?”

“सांगतो, काका.”

“अन् रिफिल?”

“गडबडीत राहिली.”

“बरं,” म्हणून नागोराव पेटी सांभाळत पुढच्या पायरीवर उतरले. शंभू अंग चोरून भिंतीला टेकला. पेटी धरावी असं त्याला सुचलं, पण तोवर खाली थांबलेली रिक्षा त्यांना घेऊन सुरू झाली होती.

वर पोटमाळ्यावर भिंतीवर खूण करायला त्यानं खिशातलं पेन काढलं. दोनदा घासलं तरी रेघ उमटेना. मग नुसत्या टोकानंच ओरखडा काढला आणि त्यावर ड्रिल टेकवलं.