फोडलेलं पाकीट

बियाण्याच्या दुकानातल्या मावशींची जीभ तिखट होती. ‘फोडलेलं पाकीट परत घेतलं जाणार नाही’ ही पाटी त्यांनी स्वतः रंगवून भिंतीवर टांगली होती, आणि तीस वर्षांत तिच्यापुढे भल्याभल्यांचं काही चाललं नव्हतं.

त्यांची तिन्ही मुलं तीन देशांत होती. त्या सकाळी मधल्या मुलाकडच्या नातीचा फोन आला. “आजी, आमच्यासारख्यांसाठी शाळेत एक इंग्रजी शब्द शिकवला. डायस्पोरा.”

“कुणाची पोरं?” मावशींनी विचारलं.

नात पोट धरून हसली. “पोरं नाही गं. मुळात ग्रीक शब्द आहे. डाया म्हणजे चहूकडे, आणि पुढचा भाग पेरण्यावरून आलाय. घर सोडून जगभर विखुरलेली माणसं, ती डायस्पोरा.”

“म्हणजे माझीच पोरं की,” मावशी म्हणाल्या. “मग माझं काय चुकलं?”

‘यंदा तरी येताय का’ हे अगदी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. बी विकण्यात जन्म गेला होता. रुजलेलं बी उपटून परत आणता येत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

दुपारी एक गिऱ्हाईक गाजराच्या बियांचं फोडलेलं पाकीट घेऊन आलं आणि पाटी वाचून दारातच घुटमळलं.

मावशींनी हात पुढे केला. “आणा इकडे. परत आलंय ना, मग घेते.”