लाडूची ऊब

सबनीस भाऊजी चहाला बोलवायचे आणि आधी हात धुवायला लावायचे. चहासाठी नाही हो, सापासाठी. इथे आखातात, बिन महमूद भागातल्या आमच्या इमारतीत त्यांचं दार आमच्या दाराला लागून. आत गेलं की सोफ्यासमोर, जिथे चारचौघं टीव्ही ठेवतात, तिथे काचेची पेटी आणि तिच्यात आफ्रिकेतला अजगर. अजगर कसला, माझ्या हाताएवढा लांब. घाबरला की अंगाचा गोळा करायचा, म्हणून नाव लाडू. मी सापाचं नाव काढलं तरी पाय वर घेणारी बाई. पहिले काही महिने तो चहा मी दारात उभी राहूनच प्यायले.

भाऊजी मूळचे नाशिकचे. लुसैलला नव्या स्टेडियमच्या गार हवेचं काम बघायचे. दिवसभर स्टेडियम गार करायचं आणि घरी येऊन सापाला ऊब द्यायची, अशी मी त्यांची चेष्टा करायचे. बाहेर एवढं ऊन भाजतंय, त्यात याला हीटर कशाला, असं मी एकदा विचारलंच. तर म्हणाले, "ऊन बाहेर आहे, वहिनी. हा राहतो आपल्या एसीत." मग समजावत बसले. पेटीखाली एकाच बाजूला गरम पट्टी, दुसरी बाजू गार, म्हणजे नको झालं की त्याला सरकता येतं. पट्टीला थर्मोस्टॅट, म्हणजे ऊब पुरेशी झाली की पट्टी आपोआप बंद, आणि त्याची तपमान मोजणारी वायर पेटीच्या आत, पट्टीच्या बरोब्बर वर चिकटवलेली. मी काचेला हात लावून "लागतंय की गरम" म्हटलं की हमखास ऐकावं लागायचं, "हात खोटं बोलतो. त्याला बिचाऱ्याला पोट भाजलं तरी कळत नाही, तिथेच पडून राहील. ऊब द्यायची ती मोजून."

साप त्यांच्या लेकीचा, ईशाचा. ती कॅनडाला शिकायला गेली ती रागावूनच. तिची आई, नीलिमाताई, नाशिकच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होत्या आणि हे "एवढं टेस्टिंग होऊ दे, की निघतोच" म्हणत इथेच राहिले. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर लेक बापाशी बोलायची ती फक्त लाडूबद्दल. दर शुक्रवारी फोन. खाल्लं का, कात टाकली का, टेंपरेचर किती. सगळं इंग्रजीत, तोंडी परीक्षा घेतल्यासारखं. हे मराठीत उत्तरं द्यायचे. फोन ठेवून मला म्हणायचे, "हा आहे तोवर ती फोन करील."

फुटबॉलचा वर्ल्ड कप तीन-चार महिन्यांवर आला होता, तेव्हाची नागपंचमी. नीलिमाताई असताना पाटावर चंदनाचा नाग काढायच्या, पाट लाडूच्या पेटीसमोर मांडायच्या आणि दोघांनाही फुलं वाहायच्या. त्या गेल्यापासून पूजा बंदच होती. यंदा भाऊजींना काय वाटलं कोण जाणे, ते स्वतःच पूजेला बसले. पेटीत फुलं ठेवताना ती वायर मध्ये मध्ये यायला लागली, म्हणून त्यांनी ती काढून बाहेर ठेवली. मग नीलिमाताईंच्या फोटोला हार घालायला उठले आणि तिथेच उभे राहिले. किती वेळ, त्यांनाही सांगता आलं नाही. वायर एसीच्या वाऱ्यात लोंबत होती. तिला वाटलं, पेटी गार पडलीय. पट्टी तापतच गेली.

मी पुरणाचे दिंड घेऊन गेले तर करपल्याचा वास. भाऊजींनी धावत जाऊन लाडूला उचललं आणि बटण बंद करायचंही न सुचून ती तापलेली पट्टी नुसत्या हाताने ओढून काढली. लाडूच्या पोटावर लालभडक चट्टा. जनावरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं, वाचेल म्हणाले. मी म्हटलं, लेकीला सांगू नका, आपोआप बरं होईल.

शुक्रवारी फोन आला तेव्हा मी तिथेच होते, फोन स्पीकरवर होता. त्यांनी सगळं सांगितलं. पूजा, आईचा फोटो, बाहेर राहिलेली वायर, हाताने ओढलेली पट्टी. काहीही सारवासारव केली नाही. मला वाटलं, तुटला हाही धागा. आणि मग ती मराठीत म्हणाली, "बाबा, तुझा हात भाजला नाही ना?"

"नाही गं," भाऊजी म्हणाले. हाताला हे एवढं बँडेज होतं. मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेले.

आता त्या दाराआड दुसरं कुटुंब राहतं. चांगली माणसं आहेत, पण चहाची वेळ झाली की मला अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं. वर्ल्ड कपच्या दिवसांत सगळी इमारत झेंडे घेऊन रस्त्यावर होती, मला मात्र एकसारखी भाऊजींचीच आठवण येत होती. लाडू बरा झाल्यावर त्याला जवळच्या समैस्मा गावातल्या एका सापवेड्या कुटुंबाकडे सोपवून, सामने सुरू व्हायच्या आधीच ते कॅनडाला गेले. सगळे म्हणत होते, थोडे दिवस थांबा. मीही दारात अडवून म्हटलं, एवढं स्टेडियम गार केलंत, एक मॅच तरी बघून जा.

बॅग खाली ठेवत ते म्हणाले, "तिनं हाताचं विचारलं, वहिनी. सापाचं नंतर."