भज्यांतला ओवा

रविवार, दुपार. हजर: मी, लेक सई, सासूबाई. मामंजी गेल्यापासून सासूबाई स्वयंपाकघरात येतच नव्हत्या. आज दारात स्टूल टाकून बसल्या.

सई सफरचंदाच्या चकत्या गोड पिठात बुडवून तळत होती, वर पिठीसाखरेचा पाक ओतत होती.

"भज्यांना आंघोळ कसली घालतेस गं?" म्हणत सासूबाई उठल्या. टाचा उंचावून त्यांनी वरच्या फळीवरची बरणी काढली आणि चिमूटभर ओवा चोळून पिठात टाकला.

"आजी, हे गोड आहे!"

"अगंबाई! भजी म्हटली की हात जातोच."

मन रुसून बसलं तरी हात आपलं काम विसरत नसावेत. आधी तेच परत येत असतील.

भजी संपली. ओव्याची बरणी खालच्या फळीवर, त्यांच्या हाताशी ठेवायची राहिली आहे.