जिन्यातला सोफा

नव्वद सालच्या आगेमागे आम्ही उल्हासनगरची कॅम्प चारमधली बराक सोडली आणि बदलापुरात, हेंद्रेपाड्याला घर घेतलं. पहिला मजला, संडास घरातच, नळ स्वयंपाकघरात. रडण्यासारखं काही नव्हतं. पण बराकीत नुसती हाक मारली की शेजारणी जमायच्या आणि इथे बघावं तेव्हा सगळी दारं बंद. मला इथे करमेल का, याचीच मला धास्ती होती. "नाही करमलं तर मी परत जाणार," असं मी नवऱ्याला बजावून ठेवलं होतं.

मला खूश करायला त्याने कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराकडे सागवानी सोफा करायला टाकला. "दरवाजे का नाप दे दो, फिर टेन्शन नहीं," दुकानदार म्हणाला. आणि आमच्या पठ्ठ्याने सवयीने बराकीच्या ऐसपैस दाराचं माप दिलं!

सोफा आला आणि दारात अडकला. आडवा करून झाला, उभा करून झाला. शेवटी तो बाहेर, जिन्याजवळच ठेवला. "हा दरवाजा आहे की खिडकी? बिल्डर चोर आहे!" रविवारी सुतार येईपर्यंत नवऱ्याच्या तोंडाचा पट्टा चालूच राहणार होता.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर दाराबाहेर कुणीतरी धापा टाकताना ऐकू आलं. बघते तर वरच्या मजल्यावरच्या मालवणी आजी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन सोफ्यावर बसलेल्या.

"बरां केलंस गो बाय. दमल्या माणसाक बसाक सोय केलंस."

नवऱ्याचं सगळं रडगाणं माझ्याही जिभेवर तयार होतं. पण आजींचा चेहरा इतका सुखावलेला होता की मी ते गिळलं आणि विचारलं, "चहा ठेवू?"

संध्याकाळी दोघी शेजारणी तिथेच मेथी निवडायला बसल्या. मग रोजच बसू लागल्या. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

रविवारी सुताराने सोफ्याची पाठ सुटी केली, सोफा आत नेला आणि पुन्हा जोडून दिला. आजी दारातून बघत होत्या.

"आता आमी खंय बसाचां?"

"आत या की!"

आल्या, त्या दोघींना घेऊनच. आम्ही चौघी दाटीवाटीने सोफ्यावर बसलो. नवरा चहाचा कप हातात धरून उभा.

"आणि मी कुठं बसू?"

"बाहेर जागा झालीय," मी म्हटलं.